पहिल्या पिंजऱ्यातले दाणे

६ जाने. धुळे

झाले. अठराच्या अठरा उंदीर झाले. सकाळी आठला सुरू केलं, तीनला हात धुतले. उघडायचं काम माझं, वजनं फरहीनकडे, पिंजरा आणून द्यायचा नानांनी. नाना पिंजरा ठेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. वीस वर्षं प्राणिघरात काढली तरी त्यांना हे बघवत नाही. मलाही नाही बघवत, पण मी तोंड फिरवलं तर कापणार कोण?

गट २, म्हणजे विष दिलेले आणि औषध न मिळालेले: लिव्हरवर गाठीच गाठी. गट ३, तेच विष, वर माझं औषध: तुरळक. दोन तर जवळजवळ साफ! मी ओरडलेच. फरहीन म्हणाली, "चल गया यार प्रज्ञा, चल गया!" मास्कमधूनच एकमेकींना मिठी मारली.

मग गट १. साधे. यांना ना विष, ना औषध. निरोगी लिव्हर कसं असतं ते दाखवायला ठेवलेले सहा. त्यातल्या तिघांच्या लिव्हरवर पांढुरके ठिपके. चष्मा पुसून परत बघितलं.

आहेत.

सरांना अजून सांगितलं नाही.

७ जाने.

झोप नाही. मामा आठवत राहिला.

पारोळ्याला मार्केटात हमाल होता मामा. शेंगांची पोती वाहायचा. लिव्हरचा कॅन्सर झाला तेव्हा मी बारावीत. अख्ख्या गल्लीनं ठरवून टाकलं, पीत असणार. मामानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता. मामी सांगून सांगून थकली, शेवटी सांगायची बंद झाली. लोक अजून म्हणतात, चोरून पीत असेल. मेलेल्या माणसाच्या नावापुढे चुकीचं कारण चिकटलं ते चिकटलंच.

म्हणून हा विषय घेतला. सरांना मुलाखतीत सांगितलं होतं, "या विषयात संशोधनाला वाव आहे." वाव कसला, राग होता.

११ जाने.

फरहीननं स्लाइड्स बघितल्या. कुठली कोणत्या गटाची ते तिला सांगितलं नव्हतं, नंबरची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये. तिनं गट १ मधले तेच तीन उचलून बाजूला ठेवले. "ये बीमार है. गट दो के है ना?"

नाही गं बाई.

१६ जाने.

प्रोटीनच्या पट्ट्या आल्या. गट २ काळ्याभोर, गट ३ फिकट. म्हणजे औषधानं जिथे अडवायला हवं तिथेच अडवलंय. तीन वर्षं ज्यासाठी घासली ते समोर, आणि मला हसू येईना. कारण गट १ मधल्या त्या तिघांच्या पट्ट्याही काळ्या.

नानांनी एकदा विचारलं होतं, ताई, तुझं औषध करतं काय? मी सांगितलं, पेशीला बाहेरून निरोप येतो, वाढ. तो एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, असा आतपर्यंत पोचतो. कॅन्सरमध्ये निरोप थांबतच नाही, चोवीस तास वाढ वाढ वाढ. माझं औषध मधल्या एकाचं तोंड दाबतं. नाना म्हणाले, "म्हंजे सरपंचले नही, शिपाईले धरानं." अगदी तेच! सेमिनारला मला इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

तर त्या तिघांत निरोप चालू आहे. दिला कोणी?

१७ जाने.

सरांना सांगितलं. पट्ट्या बघितल्या, स्लाइड्स बघितल्या, चहा मागवला. चहा मागवला की समजायचं, बातमी वाईट आहे.

"गट एक सोड. मागच्या बॅचचे साधे कंट्रोल आहेत ना, ते लाव. जात तीच, वय तेच, प्राणिघर तेच."

"पण सर, ते माझे उंदीर नाहीत."

"प्रज्ञा, सगळेच करतात."

सर वाईट माणूस नाहीत. माझी फेलोशिप अडली होती तेव्हा माझ्यासाठी तीनदा विद्यापीठात गेले. जूनमध्ये रिटायर होताहेत, मी शेवटची विद्यार्थिनी. त्यांना हे आवरून अमळनेरला घरी जायचंय. कळतं मला.

पण नाही लावणार.

१८ जाने.

पाणी तपासलं. पिंजऱ्यातला तूस तपासला. औषधाच्या बाटल्या, सुया, लेबलं, सगळं. विष चुकून गट १ ला गेलं का? नाही. शिल्लक मिलिलिटरपर्यंत जुळते. खाण्याचं रजिस्टर काढलं. रोज गोळ्यांचा खुराक, रोज माझी सही. बघून पुढचं पान उलटलं.

(नंतर) काय बघून उलटलं ते मला माहीत आहे. आत्ता नाही लिहीत.

२० जाने.

नाना रिकामे पिंजरे धूत होते. मोरीच्या जाळीवर लाल लाल काहीतरी अडकलेलं. उचललं. शेंगदाण्याची सालं.

"नाना, हे काय?"

"दाना. मना वावरना."

"कोणाला घालता?"

"पहिला पिंजरावालासले. त्या माले दखीसन उभा ऱ्हातस ना!"

तोंडभर हसले. त्यांना वाटलं मी खूश होईन.

बसवलं त्यांना. सगळं विचारलं. यंदा शेंगा काढल्या आणि पाऊस आला, ढीग भिजला. व्यापाऱ्यानं घेतल्या नाहीत. घरात वास यायला लागला, नानी म्हणाली फेका. नानांना फेकवेना. त्यातले बरे दिसणारे निवडून कोटाच्या खिशातून आणायचे. गट २ आणि ३ चे आजारी, ते जाळीजवळ येतच नसत. धडधाकट तेवढे येऊन दोन पायांवर उभे राहायचे, मग त्यांनाच मिळायचे. चिमूटभरच, पण रोज.

आणि डिसेंबरात आठ दिवस चिमूट नाही, पोटभर. खुराकाची गाडी आलीच नाही. शिल्लक गोळ्या नानांनी आजारी पिंजऱ्यांना पुरवून वापरल्या. "त्यासले औषध चालू शे. ह्या धडधाकट, ह्यासले काय बी पचस." घरातली कर्ती माणसं हेच करतात. आजाऱ्याला मऊ भात, बाकीच्यांनी मिळेल ते खा.

बुरशी लागलेल्या दाण्यात काय तयार होतं ते मी तिसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवते. परीक्षेत हमखास येतं. लिव्हरचं विष. आणि मला तीन महिने नानांचा खिसा दिसला नाही.

नानांना कसं सांगायचं?

२१ जाने.

सांगितलं. आधी कळेना, मग कळलं. कोट काढून खुंटीला लावला आणि खाली बसले. "मी मारं त्यासले?" एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, नाना, मारले मीच, सहा तारखेला, माझ्या हातानं. तुम्ही आजारी पाडलं. काय बोलत होते मी! पण नाना जरासे हसले.

उरलेले दाणे त्यांच्या घरून मागवले. निळ्या दिव्याखाली धरले. काही चमकले. हा पुरावा नाही, नुसता इशारा. नीट तपासणी बाहेरच्या लॅबमधूनच करावी लागेल, पाठवलेत.

दाणे हातात घेतल्यावर वास आला आणि मामाचा सदरा आठवला. मार्केटात झाडून गोळा केलेले दाणे खिशातून आणायचा आमच्यासाठी. आम्ही पोरं नाकं मुरडायचो. तो खायचा.

प्रज्ञा, लगेच जोडू नकोस. सहा उंदरांवरून मामा सिद्ध होत नाही. होत नाही म्हटलं ना.

२३ जाने.

आता ते लिहिते.

डिसेंबरातले ते आठ दिवस मी धुळ्यात नव्हते. असोद्याला होते, चुलतबहिणीचं लग्न. हळद, भरीत, पुऱ्या, नाच, सगळं यथेच्छ. जायच्या आदल्या दिवशी रजिस्टर पुढ्यात घेऊन आठही रकान्यांत सह्या ठोकल्या. खुराक दिला: सही. खुराक दिला: सही. आठ वेळा. पेनही बदललं मधे, खरं वाटावं म्हणून!

मी इथे असते तर गाडी न आल्याचं पहिल्या दिवशी कळलं असतं. जळगावहून पोतं मागवलं असतं, नाहीतर रोज एकेक भाकरी टाकली असती आणि तसं लिहिलं असतं. नानांनी दाणे घातले कारण खायला काही नव्हतं. कागदावर मात्र सगळं होतं, माझ्या सहीनिशी.

सरांपुढे काय तोऱ्यात बोलले होते. ते माझे उंदीर नाहीत म्हणे. हे होते ना माझे? मग?

२५ जाने. असोदा

आईला सांगितलं. आई अंगणवाडी सेविका. चुलीवर कळण्याची भाकरी टाकत होती. तिचा हात थांबला.

"पोरांच्या वजनाचा तक्ता आम्हीपण भरतो गं आधी. मॅडम अचानक येतात. सगळेच करतात."

सरांचंच वाक्य. आईच्या तोंडून. आणि मी शाळेत असताना तो तक्ता भरायला आईला मदत मीच करायचे, अंदाजानं, जरा जरा वाढवत. माझ्या हाताला वळण तिथलंच. आईला तसं म्हटलं नाही. तिला कळलं असावं, कारण भाकरी करपली आणि ती माझ्यावर ओरडली.

जेवताना म्हणाली, "हे सगळं लिहून दिलंस तर काढून टाकतील का तुला?"

"टाकतीलही."

"मग नको लिहू."

"मामाचं काय लिहिलं लोकांनी, आठवतं ना?"

मामा तिचा धाकटा भाऊ. ती उठून ताटं घासायला गेली. (२६, बसमध्ये) सकाळी स्टँडवर सोडायला आली, बस हलताना खिडकीशी येऊन म्हणाली, "लिही. पण ओळीत लिही, चिडून लिहू नकोस." आता हे कसं जमायचं?

२९ जाने.

कमिटीला द्यायच्या अर्जाचा पहिला मसुदा फाडला. चिडून लिहिला होता.

२ फेब्रु.

दुसरा मसुदा. त्यात नानांचं नाव घातलं नाही. "कर्मचाऱ्याकडून अनवधानाने" असं गुळमुळीत लिहिलं. नानांना वाचून दाखवला.

"मनं नाव लिख."

"नाना, वर्ष राहिलंय तुमचं. पेन्शन अडवतील."

"मी चोरी नही करी. मना वावरना दाना दिधात. लिख."

मी नाही म्हटलं, ते हो म्हणाले, चांगलं भांडण झालं. फरहीन मधे पडली, तिलाही दोघांनी ऐकवलं. शेवटी असं ठरलं: नानांचं नाव येणार, पण माझ्या नावाच्या खाली. पहिल्या ओळीत माझ्या आठ सह्या, दुसऱ्या ओळीत गाडी आली नाही ते, तिसऱ्यात नाना. घडलं त्याच क्रमानं.

फरहीन म्हणाली, "तू पागल है." मग स्पेलिंगं तपासून दिली.

६ फेब्रु.

सरांकडे अर्ज. मजकूर: प्रयोग सदोष, गट १ बाद न करता जसाच्या तसा नोंदवावा, चूक कोणाची ते नावानिशी, आणि संपूर्ण प्रयोग नव्या प्राण्यांवर परत करायला परवानगी मिळावी. प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडे जायला सरांची सही लागते.

सरांनी दोनदा वाचला. चहा मागवला नाही.

"तुझ्या सह्या आहेत. हे गेलं तर पहिली तूच जाशील."

"मग जाते, सर."

"तुझं औषध चाललंय प्रज्ञा! गट तीन बघ ना. कशासाठी हे?"

तिथे मला रडू आलं. आलं तर आलं. म्हटलं, "चाललंय असं मलाही वाटतंय, सर. म्हणूनच. निरोगी म्हणजे काय तेच आपल्याला माहीत नसेल, तर बरं झालं कशावरून म्हणायचं?"

अर्ज ड्रॉवरमध्ये गेला. "बघू."

१० फेब्रु.

बघू.

१२ फेब्रु.

अजून बघूच. पॅसेजमध्ये सर मला बघून वळतात. मी मुद्दाम समोर जाते, नमस्कार सर म्हणते. मोठ्यानं.

फरहीनच्या गाइड मॅडमनी तिला बजावलंय म्हणे, त्या मुलीपासून जरा लांब राहा. ती डबा घेऊन रोज माझ्या टेबलावर येते, मॅडमच्या दारावरून. आज खिमा होता.

१४ फेब्रु.

बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आला. दाण्यांत आहे. भरपूर आहे.

थेट सरांच्या केबिनमध्ये गेले आणि टेबलावर ठेवला. वाचला त्यांनी.  मग म्हणाले, "आमच्याकडे हिवाळ्यात रोज दाण्याची चटणी असते." हे माझ्याशी नव्हतं.

ड्रॉवर उघडला. अर्ज काढला. खाली लिहिलं, अग्रेषित. सही केली. कागद माझ्याकडे सरकवला.

मी उचलला नाही.

"सर, तारीख."

वर बघितलं. वाटलं आता फेकतात कागद तोंडावर. पेनचं टोपण परत काढलं आणि तारीख घातली. आजचीच.

१८ फेब्रु.

कमिटी. सात जण, मी आणि नाना. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

एकानं विचारलं, "इतर दिवशीच्या सह्याही अशाच का?" म्हटलं, नाही, हे आठच. "कशावरून मानायचं?"  खरंच, कशावरून? एकदा खोटी सही केली की बाकीच्या खऱ्यांचंही तेच होतं. म्हटलं, मानू नका, म्हणूनच प्रयोग परत करायचाय.

दुसऱ्या मॅडम: "हे तुम्ही सांगितलं नसतं तर कोणालाच कळलं नसतं." कौतुक होतं की टोमणा, कळलं नाही. मी म्हटलं, "मला कळलं होतं ना." जरा जोरातच. आई, नाही जमलं ओळीत.

नानांना विचारलं, दाणे का घातले? नाना शुद्ध मराठीत बोलले, पहिल्यांदाच ऐकलं. "साहेब, त्यांना भूक लागली होती."

 निर्णय लेखी कळवू म्हणाले. तोवर नानांना प्राणिघरात बंदी. माझी नोंदणी राहणार की जाणार, परत प्रयोग मिळणार की नाही, सगळं लेखी कळवणार. पैदाशीच्या उंदरांचं खाणंपिणं तोवर "जबाबदार व्यक्तीनं" बघावं. मग माझ्याकडे बघितलं, कारण दुसरं कोणी हात वर केला नाही.

बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "घाबरी नही ना?" घाबरले होते. नही म्हटलं.

२१ फेब्रु.

सकाळी एकटीच प्राणिघरात. पावलं ऐकून पिंजऱ्यांत सगळे उठून उभे राहिले. मला बघून परत बसले. हसूही आलं आणि वाईटही वाटलं. गोळ्या मोजून घातल्या, पाणी बदललं. नाना फाटकाबाहेर कडुनिंबाखाली सायकल लावून बसलेले, रोज येतात. आत यायची बंदी, बसायची नाही. बाहेरूनच ओरडले, "कोपराले पिल्लाळी शे, तिले जास्त टाक!" टाकल्या. तसं लिहिलंही.

मामीचा फोन. रिपोर्टचं आईनं सांगितलंय तिला. म्हणाली, "तो कागद मला दाखवशील का गं? वाचता येत नाही मला, पण बघीन." मामी, तो कागद नानांच्या दाण्यांचा आहे, मामाचा नाही, असं सांगायला हवं होतं. समोर बसून सांगीन. उद्याच जाते पारोळ्याला, सहाची बस.

लेखी अजून काही आलेलं नाही.

संध्याकाळी रजिस्टर उघडलं. उद्या लवकर निघायचंय, आणि रकाना समोरच होता, पेनही हातात होतं. अर्ध्या सेकंदाचं काम.

आजची सही आज केली. पाचला उठून खाणं घालीन, मग उद्याची. तोवर तो रकाना कोरा आहे.